शाळेतील त्रिविध तप

काही शब्द संस्कृतातून मराठीत आले, त्यांनी वेष तोच ठेवला आणि अर्थ मात्र पालटला. संस्कृतात, आणि हिंदीतही, ‘शिक्षा’ म्हणजे विद्येचे शिक्षण; मराठीत शिक्षा म्हणजे दंड. भाषांतर करणाऱ्यास हा शब्द भेटला की प्रत्येक वेळी थांबून ‘शिक्षण’ असे लिहावे लागते. लेखणीचे हे काम सोपे आहे. परंतु ज्या शाळेत विद्या आणि दंड यांतील भेद मुलाला दिवसभरात कोठेच अनुभवास येत नाही, तेथे नुसता शब्द बदलून काय साधणार?

‘चरित्र’ या शब्दाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. ‘चर्’ म्हणजे चालणे, आणि ज्याने चालावयाचे ते चरित्र. ऋग्वेदात विश्पलेचा पाय संग्रामात तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोहाचा पाय दिला, अशी कथा आहे. तेथे पायासाठी ‘चरित्र’ हाच शब्द आला आहे. म्हणजे चारित्र्य ही मुळात जिभेची वस्तू नव्हे, पायांची आहे. पाय व्याख्यान ऐकून बळकट होत नाहीत. ते चालूनच बळकट होतात.

मुलांना चारित्र्य कसे शिकवावे, हा प्रश्न आपल्या देशाने अनेकदा विचारला आहे. 1948–49 च्या राधाकृष्णन आयोगाने शाळा-महाविद्यालयांतील दिवसाचा आरंभ काही क्षणांच्या मौन चिंतनाने व्हावा असे सुचविले. 1952–53 च्या मुदलियार आयोगाने आपल्या अहवालात चारित्र्याच्या शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. 1959 मध्ये श्रीप्रकाश समिती याच प्रश्नासाठी नेमली गेली. 1964–66 च्या कोठारी आयोगाने आठवड्यातील एक-दोन तास नैतिक व आध्यात्मिक मूल्यांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मूल्यशिक्षणाचा आग्रह आहे. या थोर पुरुषांच्या तळमळीविषयी शंका नाही. परंतु पुष्कळ शाळांत त्या तळमळीतून हाती उरला तो वेळापत्रकातील एक तास. घंटा झाली की तो सुरू होतो आणि घंटा झाली की संपतो. सत्यावरचा निबंध लिहून मुलगा पुढच्या तासाला शेजाऱ्याच्या वहीतील गणित उतरवून घेतो, आणि या दोहोंत काही विरोध आहे असे त्यालाही वाटत नाही व आपल्यालाही वाटत नाही.

येथे गीतेकडे पाहावे. भगवंतांनी अर्जुनाला उपदेश कोठे केला? अर्जुन त्यांचा जुना सखा होता. वनवासाच्या काळात निवांतपणा होता, इंद्रप्रस्थात वैभवाचे दिवस होते. उपदेशाला सवड हवी असती तर ती पुष्कळ होती. परंतु गीता सांगितली गेली ती दोन सैन्यांच्या मध्ये, रथ उभा असताना, धनुष्य हातातून गळत असताना. म्हणजे कर्तव्य समोर येऊन उभे राहिले आणि मन डळमळले, नेमक्या त्या क्षणी. चारित्र्याच्या शिक्षणाचे सारे रहस्य या एका गोष्टीत साठविलेले आहे. जेथे चारित्र्य पणाला लागते तेथेच ते शिकवता येते. राखून ठेवलेल्या तासात त्याची व्याख्या तेवढी शिकवता येते.

मुलाचे कुरुक्षेत्र कोणते? पाण्याचा नळ, हजेरीपट, डब्याची सुट्टी, खेळाचे मैदान, परीक्षेचा बाक. हे सर्व शाळेत रोज असतेच. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. “अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात हे केव्हा करावयाचे?” या शिक्षकांच्या रास्त अडचणीचे उत्तरही हेच आहे. हजेरी रोज घ्यावयाचीच आहे. प्रश्न एवढाच की ती घेताना काय शिकवले जाते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे, वाणीचे आणि मनाचे असे तीन प्रकारचे तप सांगितले आहे. तप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अरण्य आणि उपवास येतात. परंतु भगवंतांनी दिलेल्या यादीत अरण्याचे नावही नाही. स्वच्छता, सरळपणा, अहिंसा, दुसऱ्याला न दुखविणारे सत्य, प्रसन्नता, मनाचा संयम ही तपे दहा वर्षांच्या मुलालाही करता येण्यासारखी आहेत. शिवाय ती कोणत्याही पंथाच्या मुलाला करता येण्यासारखी आहेत. संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे आपल्या संविधानाचे 28 वे कलम सांगते. त्याने आपले काही अडत नाही. गीतेचे नाव घरी घ्यावे. शाळेत तिने सांगितलेले आचरण असले म्हणजे पुरे.

शरीराचे तप प्रथम घेऊ. या तपात देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी यांचे पूजन आहे. शौच, आर्जव, ब्रह्मचर्य आणि अहिंसाही त्याच श्लोकात आहेत. श्लोकाचा पूर्वार्ध घेऊन उत्तरार्ध सोडणाऱ्याने श्लोक वाचलाच नाही. आमच्या समाजाकडून हे घडले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यास शिकत असताना बाल भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे-आणावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा त्यांना नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. त्या शाळेत इतर मुले प्रार्थना म्हणत असतील, सुभाषिते पाठ करीत असतील. परंतु पुस्तकाने जे शिकवले असेल ते नळाने दररोज खोडून काढले. सर्वत्र समदृष्टी ठेवणाऱ्यालाच गीता पंडित म्हणते. त्या मापाने त्या नळापाशी उभा राहणारा एकही मोठा मनुष्य पंडित ठरत नाही. आज कायदा बदलला आहे. तरीही माध्यान्ह भोजनाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, वर्ग झाडण्याची पाळी कोणावर वारंवार येते आणि कोणावर कधीच येत नाही, हे शिक्षकाने व पालकांनी जाऊन पाहावे. झाडू सर्वांच्या हाती पाळीपाळीने येणे, हा समतेवरील दहा व्याख्यानांहून मोठा पाठ आहे.

या तपाला शिक्षकाच्या हातांची जोड मिळाली म्हणजे काय होते, हे अमळनेरने पाहिले आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे होता. 1930 साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. छात्रालयात मुलांच्या अव्यवस्थेबद्दल रागावण्याऐवजी ते स्वतः त्यांच्या खोल्या आवरीत, त्यांचे कपडे धूत, आजारी मुलाची शुश्रूषा करीत. श्रेष्ठ पुरुष जे करतो त्याच्यामागून लोक जातात, या तिसऱ्या अध्यायातील वचनावर याहून चांगले भाष्य मी तरी वाचलेले नाही. त्या वचनातील भर ‘करतो’ या क्रियेवर आहे.

दुसरे तप वाणीचे. शाळेतील वाणीचा आरंभ ‘हजर’ या शब्दाने होतो. मित्र आलेला नसताना त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणणे मुलांना मैत्रीचे कर्तव्य वाटते. लंगडणाऱ्या, तोतऱ्या किंवा सावळ्या मुलाला पडलेले टोपणनाव हा त्यांना विनोद वाटतो. शिक्षकाने हे ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर तो वर्गाला मौनाने धडा देतो. गीता वाणीच्या तपात उद्वेग न देणे, सत्य, प्रिय आणि हित ही सर्व लक्षणे एकत्र सांगते. नुसते सत्य बोलून मन मोडणारा अर्धाच तपस्वी; नुसते गोड बोलून खोटे झाकणारा तेवढाही नव्हे. वर्गातच अशा प्रसंगी दोन मिनिटे पुस्तक मिटवून “हेच वाक्य कोणाला न दुखविता कसे बोलता आले असते?” असे विचारावे. तो दोन मिनिटांचा खरा मूल्यशिक्षणाचा तास होय.

तिसरे तप मनाचे, आणि त्याची कसोटी परीक्षेत लागते. राजकोटच्या हायस्कुलात गांधीजी पहिल्या वर्षाला असताना जाइल्स नावाचे शिक्षणाधिकारी तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांपैकी ‘केटल’ हा शब्द गांधीजींनी चुकीचा लिहिला. वर्गशिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावले, की शेजारच्या पाटीवरून शब्द सुधारून घे. शिक्षक नक्कल करू नये म्हणून पहारा करतात, अशीच त्या मुलाची समजूत; त्याला ती खूण कळलीच नाही. बाकी सर्वांचे सर्व शब्द बरोबर आले, एकट्या त्याचा चुकला. नंतर शिक्षकांनी त्याला त्याचा मूर्खपणा समजावून सांगितला; पण नक्कल करण्याची कला त्याला पुढेही साधली नाही. विशेष हे, की त्या शिक्षकांविषयीचा त्याचा आदरही कमी झाला नाही.

या प्रसंगात मुलाच्या पावित्र्याचे आपण कौतुक करतो. परंतु दुसरी बाजूही पाहावी. त्या वर्गात बाकीच्या मुलांनी काय शिकले? चूक झाकावी, अधिकाऱ्यासमोर शाळेची शोभा राखावी, आणि हे स्वतः गुरुजनांना मान्य असते, हेच. आज तो बूट नाहीसा झाला आहे काय? सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी 2024 साली संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा प्रश्नपत्रिका फोडणाऱ्याला पकडील. पण बुटाच्या टोकाने दिलेली खूण कोणत्या कायद्याने पकडावी?

या त्रिविध तपानंतर भगवान त्याचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद सांगतात, आणि तेथे शाळांनी स्वतःला तपासून पाहावे. मानासाठी, सत्कारासाठी, दंभाने केलेले तप राजस. ते अस्थिर असते, टिकत नाही. तपासणीच्या दिवशी लावलेले सुविचारांचे फलक, छायाचित्रासाठी हाती घेतलेला झाडू, ‘आदर्श विद्यार्थी’ पदकासाठी दाखविलेला नम्रपणा यांची गणना यातच होते. दुराग्रहाने, दुसऱ्याला पीडा देऊन केलेले तप तामस. छडीच्या बळावर राखलेली शिस्त ही तामस होय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांचा शारीरिक व मानसिक छळ निषिद्ध ठरविला, पण गीतेने त्याचे नाव केव्हाच सांगून ठेवले होते. अठरा अध्याय सांगून झाल्यावर प्रत्यक्ष भगवंतांनीही अर्जुनावर बळजोरी केली नाही. सर्व नीट विचारात घेऊन तुला योग्य वाटेल ते कर, असेच म्हटले. ज्या मुलाला निवड करण्याची संधी कधीच दिली नाही, त्याची शिस्त छडीबरोबर येते आणि छडीबरोबर जाते.

आता गृहस्थ बंधुभगिनींनो, हा सर्व भार शिक्षकांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मुलाचे पहिले कुरुक्षेत्र शाळेच्या दारातच, प्रवेशाच्या दिवशी उभे राहते. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम गुरूकडे गेला तेव्हा त्याला गोत्र विचारण्यात आले. त्याने घरी आईला विचारलेच होते; अनेकांच्या घरी सेवा करीत असताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, असे तिने सांगितले होते. सत्यकामाने तेच शब्द गुरूंना सांगितले. हारिद्रुमत गौतमांनी त्या सत्यावरच त्याला शिष्य म्हणून स्वीकारले, आणि चारशे रोडक्या गाई त्याच्या स्वाधीन केल्या. हजार झाल्यावाचून परतणार नाही, असे म्हणून तो गेला. येथे खरी थोरवी जबालेची आहे. मुलाच्या प्रवेशासाठी एखादे गोत्र रचून सांगणे तिला काय कठीण होते?

आज आपण प्रवेशाचा अर्ज भरतो तेव्हा मूल शेजारीच उभे असते. जन्मतारीख पुढे-मागे केलेली, पत्ता नातेवाइकाच्या घरचा लिहिलेला, लग्नाला जाण्यासाठी ‘ताप आला आहे’ अशी चिठ्ठी दिलेली, हे सर्व ते पाहते. त्यानंतर शाळा त्याला सत्य शिकवील अशी अपेक्षा करणे म्हणजे पेरणी करडईची करून गव्हाची वाट पाहणे होय.

आणि निकालाचा दिवस! मराठीत परीक्षेतील अंकांनाही आपण गुणच म्हणतो. ज्या मुलाने नक्कल केली नाही त्याचे ते गुण कदाचित कमी पडतील. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, असे अठरावा अध्याय सांगतो. ते आरंभीचे विष मुलाने एकट्याने प्यावयाचे, की आईबापांनी त्याच्याजवळ बसून त्याला धीर द्यावयाचा? त्या दिवशी घरात रागाची नजर भेटली, तर पुढच्या वर्षी ते मूल शेजाऱ्याची वही पाहील. आणि ते आपणच शिकविलेले असेल.

म्हणून प्रत्येक घराने निदान इतके तरी करावे. मुलाच्या शाळेसाठी कोणत्याही कागदावर खोटे लिहू नये, मग नुकसान झाले तरी चालेल. निकाल हाती घेताना ‘किती मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘स्वतः केलेस ना?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘हो’ असेल तर प्रथम त्याचे अभिनंदन करावे. मुलाने शाळेतील अन्याय घरी सांगितला तर ‘आपल्याला काय करायचे?’ असे म्हणू नये. सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर सतराव्या अध्यायातील तपाचे ते तीन श्लोक मुलांसह म्हणावे, आणि आज शरीराने, वाणीने व मनाने कोणते तप घडले, हे प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगावे. आरंभ वडील माणसांनी करावा.

रथ उभा आहे, प्रसंग समोर आहे. आपली मुले रोज सकाळी दप्तर पाठीला लावून ज्या रणांगणात उतरतात, तेथे त्यांच्या पायांना बळ देणारा सारथी प्रत्येक घरात व प्रत्येक वर्गात जागा राहो, हीच त्या पार्थसारथीच्या चरणी प्रार्थना.