आई-बाबांना ‘दाखवायचा’ नॉर्वे

मराठीत आपण स्वतः देश ‘पाहतो’ आणि आई-बाबांना तो ‘दाखवतो’. ‘त्यांना एकदा युरोप दाखवायचाय’ हे वाक्य पुण्या-ठाण्यातल्या घरांत ऐकू येतं, तसंच लंडन-ॲमस्टरडॅममध्ये स्थिरावलेल्या मुलांच्या तोंडूनही. वाक्य मायेचं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्यातलं क्रियापद प्रयोजक आहे. कर्ता मूल, आणि आई-बाबांच्या वाट्याला आला आहे तो नुसता ‘ना’ हा प्रत्यय. ज्यांनी चाळीस वर्षं घर चालवलं, मुलांची शाळा ठरवली, कर्ज काढून फ्लॅट घेतला, ती माणसं या वाक्यात काहीच करत नाहीत.

हल्ली या दाखवण्याचं लोकप्रिय साधन म्हणजे नॉर्वेच्या फियॉर्डमधली क्रूझ. तर्क समजण्यासारखा आहे. सामान एकदाच उघडायचं, खोली आपल्याबरोबर फिरते, रोज पहाटे बस पकडायची नाही, बोटीवर डॉक्टर असतो, आणि चालवत नसेल तर खिडकीतून धबधबे दिसतातच. मग निवड सुरू होते. साउथहॅम्प्टनहून निघणारी सात रात्रींची सफर घेतली तर उत्तर समुद्र ओलांडण्यात जाता-येता एकेक दिवस जातो, शिवाय भारतीय पासपोर्टवर शेंगेनबरोबर ब्रिटनचाही व्हिसा लागतो. हॅम्बुर्ग, कील किंवा कोपनहेगनहून निघालं तर ब्रिटनचा व्हिसा वाचतो. हलण्याचा त्रास कमी हवा तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्यावी. गायरांगरला मोठी जहाजं बहुधा फियॉर्डमध्येच नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत पाऊल टाकणं ज्याला जमणार नाही, त्यानं गायरांगर डेकवरूनच पाहायचं. फ्लॉमला मात्र जहाज धक्क्याला लागतं आणि रेल्वे स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ती गाडी वीसेक किलोमीटरमध्ये समुद्रकाठावरून ८६६ मीटर उंचीवरच्या म्युर्डालला नेते आणि बसल्या जागी सगळं दिसतं. ओल्डनहून ब्रिक्सडालच्या हिमनदीकडे उघड्या गाड्या जातात, पण शेवटचा टप्पा पायीच.

बाल्कनी डाव्या बाजूची घ्यावी की उजव्या, यावर घरोघरी वाद होतात. गायरांगरपुरता तो वाद निरर्थक आहे. फियॉर्ड पुढे बंद होतो, जहाज वळून त्याच वाटेनं परततं, त्यामुळे ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा दोन्ही बाजूंना दिसतो.

ही माहिती उपयोगाची आहे आणि ती गोळा करणारी मुलं कष्ट घेतात. पण या सगळ्यात विचार आहे तो गुडघ्यांचा. मर्जीचा प्रश्न कुठे आलाच नाही. विचारलं जातं, नाही असं नाही. उत्तर ठरलेलं असतं: ‘तुम्ही ठरवाल ते.’ या तीन शब्दांचा अर्थ लावणं हे मला जहाज निवडण्यापेक्षा अवघड काम वाटतं. कधी तो खरा विश्वास असतो. कधी ‘मला नको आहे, पण तुझा उत्साह मोडवत नाही’ असं त्यात दडलेलं असतं. आणि कधी बाईमाणसानं आयुष्यभर लावून घेतलेली सवय, की आपली इच्छा शेवटी विचारली जाते आणि तोवर बाकीच्यांचं ठरलेलं असतं. ‘ते हो म्हणाले’ एवढ्यावर मुलांची सुटका होत नाही, कारण हा होकार कशाला आहे हेच कळलेलं नसतं.

त्यातून किमतीचा मुद्दा येतो. क्रूझची खरी किंमत आई-बाबांना सांगायची नाही, असा अलिखित करार बहुतेक भावंडांत असतो. ‘ऑफर होती’, ‘पॉइंट्स साठले होते’, ‘कंपनीनं अर्धे दिले’. हे खोटं प्रेमातून आलेलं आहे आणि त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. ज्या पिढीनं रिक्षाऐवजी बस आणि बसऐवजी चालत जाणं हा आयुष्याचा नियम केला, ती खरा आकडा ऐकल्यावर नाहीच म्हणणार. तो नकार विचार करून आलेला नसतो, सवयीतून आलेला असतो. त्यांना त्या सवयीतून आठवडाभर सोडवण्यासाठी एक थाप मारली तर बिघडलं काय? बाबांनी बाल्कनीत बसून प्रत्येक कॉफीचे युरो रुपयांत मोजत राहावं, याहून ते बरं.

हे मला पटतं, आणि तरीही पुरेसं पटत नाही. पैसा हे त्या पिढीचं नाही म्हणण्याचं एकमेव सभ्य कारण आहे. ‘मला तुमच्याबरोबर आठवडाभर एका बोटीवर अडकायचं नाही’ असं कुठली आई म्हणेल? ‘बाथरूम अरुंद असेल, रात्री तीनदा उठावं लागतं, आणि ते तुमच्यासमोर नको’ असं कुठले वडील म्हणतील? ते म्हणतात, ‘फार महाग आहे रे.’ किंमत लपवली की ही एक दारफटही बंद होते. शिवाय आकडा कळल्याशिवाय राहत नाही. कोणीतरी नातू बोलून जातो. मग उरलेले दिवस आई-बाबांवर आनंदी दिसण्याची जबाबदारी येऊन पडते, आणि डेकवरच्या गार वाऱ्यात ती ओझ्यासारखी असते.

आपल्याकडे या सगळ्याला पितृऋणाची भाषा तयार असते: त्यांनी आपल्यासाठी इतकं केलं, आता फेडायची वेळ. अमेरिकन तत्त्वज्ञ जेन इंग्लिश हिचा एक निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या झालेल्या मुलांवर आई-वडिलांचं काय देणं लागतं, हा त्याचा विषय. तिचं म्हणणं, काहीही नाही. न मागता केलेल्या गोष्टींचं कर्ज होत नाही. मुलांनी करावं ते नात्यात आज जिव्हाळा आहे म्हणून, जसं मित्रासाठी करतो तसं. मराठी कानांना हे कोरडं वाटेल. मला त्यातला एक भाग मोलाचा वाटतो. कर्ज म्हटलं की रक्कम आली, आणि रक्कम आली की फेडून मोकळं होणंही आलं. ‘केली बाबा एकदाची युरोप ट्रिप’ या उद्गारातला सुस्कारा कर्जदाराचाच आहे. पण मैत्रीची उपमाही अपुरी पडते. मित्र बदलता येतात. सायमन केलर या तत्त्वज्ञानं २००६ मध्ये वेगळी वाट सुचवली: आई-वडिलांना काही गोष्टी अशा हव्या असतात ज्या फक्त मुलंच देऊ शकतात, आणि कर्तव्य आहे ते तेवढ्यांपुरतं. आता या चाळणीतून क्रूझ गाळून पाहा. जेवण, स्वच्छता, डॉक्टर, देखावा हे कुठलाही परका माणूस पैसे घेऊन देतो.

श्रावणबाळाची गोष्ट इथे आठवणारच. लोककथेतला श्रावण कावडीतून आई-वडिलांना तीर्थयात्रेला नेतो. आपण नेहमी त्याचे खांदे पाहतो. पण ते दोघं आंधळे होते. श्रावण त्यांना काही ‘दाखवू’ शकत नव्हता. यात्रा त्यांची होती, इच्छा त्यांची होती, कावड तेवढी त्याची. वयस्कर आई-वडिलांना निसर्ग दाखवण्याच्या धडपडीत हा क्रम उलटतो: इच्छा आपली, फोटो आपले, आणि ते कावडीत बसलेले. (कावडीचा भार कोण उचलतं, हाही प्रश्न आहेच. गोळ्यांचा डबा, गरम पाणी, थंडीचे कपडे, सासूबाईंचा हात धरणं हे बहुधा सुनेकडे जातं. आणि तिचे स्वतःचे आई-बाबा? त्यांची क्रूझ ‘पुढच्या वर्षी’ असते.)

म्हणून निवडायचंच असेल, तर मी एकच कसोटी लावेन. या सफरीत त्यांना काय काय नाकारता येईल? बंदर नाकारता येईल का, सगळ्यांनी एकत्र जेवणं नाकारता येईल का, आणि तरी त्यांचा दिवस वाया गेला असं कोणी म्हणणार नाही का? या कसोटीवर मला नॉर्वेच्या किनाऱ्याची जुनी बोटसेवा भव्य जहाजांहून आवडते. १८९३ पासून हुर्तिगरूटन नावानं ओळखला जाणारा हा जलमार्ग बर्गनहून कर्केनेसपर्यंत जातो, ३४ बंदरं घेतो, आणि परत येईपर्यंत १२ दिवस होतात. ही कामाची बोट आहे. माल चढतो, स्थानिक माणसं एका गावात चढून पुढच्या गावात उतरतात, काही बंदरं मध्यरात्री येऊन जातात. कोणीच सगळीकडे उतरत नाही, त्यामुळे न उतरणाऱ्याला कोणी विचारत नाही. मोकळ्या समुद्राचे पट्टे आले की ती हलते, हे खरं. करमणूकही फारशी नाही. नातवंडं कंटाळतील. पण खिडकीशी बसून परक्या माणसांची रोजची ये-जा पाहणं आपल्या आजोबांना जमतं. एसटी स्टँडवर त्यांनी तेच केलेलं असतं.

आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. ब्रिक्सडालची हिमनदी एके काळी खालच्या तळ्यात उतरत असे, आता ती बरीच मागे हटली आहे. वितळण्याआधी पाहून घ्या, असा पर्यटनाचा एक नवा सूर आहे. गायरांगर आणि आसपासच्या जागतिक वारशातल्या फियॉर्डमध्ये दहा हजार टनभाराहून लहान प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून शून्य उत्सर्जनाची अट आहे. मोठ्यांना, म्हणजे आपण ज्यांची तिकिटं काढतो त्यांना, २०३२ पर्यंत मुदत. ‘आत्ताच जाऊन येऊ’ हे आपण हिमनदीबद्दल म्हणतो, आणि थोडा आवाज खाली आणून आई-बाबांबद्दलही म्हणतो. त्यांना ते ऐकू येतं.

माझ्या ओळखीच्या एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई आहेत. मुलानं त्यांना लॅपटॉपवर सगळं दाखवलं: जहाज, बाल्कनी, हिरव्या पाण्यातलं कड्यांचं प्रतिबिंब. त्यांनी सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, ‘तिथे इंटरनेट असतं का रे?’ त्याला वाटलं, आईला बहिणींशी बोलता येईल ना, याची काळजी आहे. आता उपग्रहामुळे भर समुद्रातही चालतं, मी काढलेल्या पॅकेजमध्ये आहेच, असं तो खुशीत म्हणाला. बाई ‘बरं’ म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, त्याशिवायचं पॅकेज असतं का.