प्रवेशासाठीं केलेलें सत्कर्म

खेळ, गायन, वक्तृत्व, समाजसेवा इत्यादि अभ्यासाबाहेरचे उद्योग विद्यार्थ्याच्या शीलाची साक्ष देतात काय? आणि देत असल्यास, त्या साक्षीवरून कॉलेजांत कोणास घ्यावें व कोणास परत पाठवावें हें ठरविणें न्याय्य आहे काय? हा वाद अमेरिकेंत फार दिवस चालला आहे. आमच्याकडील कांहीं मुलें तेथें शिकावयास जातात, व महाराष्ट्रांतही दहावीच्या निकालांत खेळ आणि कला यांचे वाढीव गुण मिळतात. म्हणून वाचकांनीं यावर विचार करावा असें आम्हांस वाटतें.

या चालीचें मूळ प्रथम पाहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हार्वर्ड विद्यापीठांत मुख्यत्वें परीक्षा पाहून प्रवेश मिळे. यहूदी घराण्यांतील मुलें परीक्षेंत पुष्कळ उतरूं लागलीं, आणि १९२२ च्या सुमारास त्यांचें प्रमाण एकपंचमांशाहून अधिक झालें. तेव्हांचे अध्यक्ष लॉवेल यांस तें रुचलें नाहीं. त्यांनीं उघड मर्यादा सुचविली. ती मान्य झाली नाहीं. पुढें १९२६ सालीं शील व व्यक्तिमत्त्व यांची कसोटी लावण्यांत आली, आणि यहूदी विद्यार्थ्यांची संख्या घटली. शब्द चांगला, हेतु वाईट! जें तराजूंत घालतां येत नाहीं तें तोलण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे, त्यास आपला पक्षपात झांकणें सोपें जातें.

मग केवळ गुणच पहावे, असें कोणी म्हणेल. त्यांतही पुरता न्याय नाहीं. ज्याच्या घरीं शिकवणीस पैसा आहे त्याचे गुण वाढतात. शिवाय मनुष्य म्हणजे कांहीं उत्तरपत्रिका नव्हे.

पैशाचा हात दोहींकडे पोहोंचतो. २०१९ च्या मार्चांत बॉस्टन येथील सरकारी वकिलांनीं एक मोठा कट उघडकीस आणिला. धनवान आईबाप एका दलालास पैसे देत; तो प्रशिक्षकांस लाच देई, आणि जीं मुलें खेळाडू नव्हतीं त्यांस खोट्या छायाचित्रांच्या आधारें खेळाडू ठरवी. २०२३ सालीं त्यास साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. हा तर गुन्हाच झाला. पण गुन्हा न करितांही श्रीमंत पिता मुलास महागडा खेळ शिकवूं शकतो, परदेशीं सेवाकार्यास धाडूं शकतो; आणि दुकानांत राबून घर चालविणारा मुलगा मात्र म्हणतो, माझ्यापाशीं लिहिण्याजोगें कांहींच नाहीं.

वस्तुतः तेथें पुष्कळ कॉलेजांसाठीं जो एक सामाईक अर्ज चालतो, त्यांत दहा उद्योग लिहावयास जागा असते, आणि घरची जबाबदारी व पगारी काम हींही त्यांत लिहितां येतात. हार्वर्डच्या शिक्षणशाळेंतून २०१६ सालीं निघालेल्या एका अहवालानेंही सांगितलें कीं, उद्योगांची संख्या न पाहतां त्यांतील तळमळ पहावी, आणि कुटुंबासाठीं केलेल्या कष्टांस मान द्यावा. आम्हांस हें पटतें. धाकट्या भावंडांस सांभाळणारी मुलगी जें शिकते तें कोणत्याही मंडळाच्या प्रमाणपत्राहून हलकें नाहीं.

आतां मुख्य प्रश्न उरतो. नोंद व्हावी म्हणून केलेली सेवा ही सेवा होय काय? ज्या रोग्यास पाणी मिळालें त्याची तहान भागली, हें खरें. परंतु देणाऱ्याच्या अंतःकरणांत काय वाढलें? कधीं कधीं स्वार्थानें आरंभिलेल्या कामांतही खरें प्रेम उत्पन्न होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्याची पारख एकच: प्रवेश मिळाल्यावर, पहाणारा कोणी नसतां, तें काम चालू राहतें कीं नाहीं.

म्हणून आईबापांनीं मुलांस खेळूं द्यावें, गाऊं द्यावें, शेजाऱ्याच्या उपयोगीं पडूं द्यावें. पण प्रत्येक कामाचा मोबदला विचारावयास शिकवूं नये. आणि गांवोगांवच्या ज्या शिक्षकांस व उपदेशकांस शिफारसपत्र लिहावें लागतें, त्यांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहावें: वाढवूं नये, व गरीब मुलाचे घरचे कष्ट गाळूंही नयेत. खोट्या स्तुतीनें मिळालेली जागा दुसऱ्या कोणाची तरी असते.