त्यांना उठव

आधी खाली बस. आणि "बाई, आम्ही आण्णांना काही म्हणजे काही करू देत नाही" हे कौतुकानं सांगू नकोस. तुझी चूक नेमकी तीच आहे.

काल जुळे सोलापुरात तुझ्या घरी आले. ज्या माणसानं यंत्रमागावर उभं राहून तुला शिकवलं, तो भरदुपारी खिडकी लावलेल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. डावा हात चांगला धड आहे, तरी सूनबाई चमच्यानं पेज भरवतेय. मांडीवर पायजमा नुसता लोंबतोय. मला बघून ते "बा... बा..." करत शब्द शोधत होते, तेवढ्यात तू म्हणालास, "त्यांना आता काही कळत नाही." त्यांचे डोळे भरून आले. तुला दिसले?

शब्द अडकणं म्हणजे बुद्धी जाणं नव्हे, एवढं तरी समजून घे.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचे जवळपास एक किलो स्नायू झडले. आण्णा 3 महिने पडून आहेत! उजवी बाजू अर्धांगवायूनं नेली, डावी तुझ्या लाडानं चालली आहे. डोक्याचंही तेच. काम नाही, बोलणं नाही, मग ते मंदावणारच. त्यात "आता बरं वाटतंय" म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केलीस? अर्धांगवायूच्या पहिल्या झटक्यानंतर साधारण दहातल्या एकाला स्मृतिभ्रंश जडतो. झटका पुन्हा आला, तर तिघांत एकाहून जास्त जणांना. हे अंगावर घेणार आहेस?

आता ऐक. उद्याच डॉक्टरांकडे जा, गोळीचं विचार, गिळताना ठसका लागतो का तेही तपासून घे. सुरू करून दहाच दिवसांत तू बंद केलेला व्यायाम फिजिओथेरपिस्टला बोलावून पुन्हा सुरू कर. उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. डॉक्टर हो म्हणाले की पेज पुरे. आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेली मटकी, अंडं दे, आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दे. सांडलं तर पुसून घे. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार, हा हिशेब आजपासून आण्णांचा. विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत तू गप्प बसायचं.

रविवारी येते. आण्णा पाय खाली सोडून बसलेले दिसले पाहिजेत. आणि "बाई" हा शब्द ते पुरा करेपर्यंत त्या खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही.