मृगयेचे चित्र आणि चित्राबाहेरचा पारधी

शिकारीच्या चित्राविषयी सौंदर्यशास्त्रात नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा की, क्रूर कृतीचे चित्र सुंदर असू शकते काय? याचे उत्तर देणे फारसे अवघड नाही, आणि म्हणूनच त्या उत्तराने फारसे काही साधतही नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात ज्या दोन भूमिकांची सविस्तर मांडणी केली, त्यांपैकी अलौकिकतावादी म्हणेल की चित्रातला मृत्यू व्यवहारातल्या मृत्यूच्या निकषांनी मोजता येत नाही. लौकिकतावादी म्हणेल की तो तसाच मोजला पाहिजे. दोघांचाही वाद मारला जाणारा प्राणी आणि चित्र पाहणारा रसिक या दोहोंपुरता राहतो. शिकारीत मात्र आणखी एक माणूस असतो. सावज कोठे आहे हे त्याला ठाऊक असते. त्याच्यावाचून बहुतेक शिकारी झाल्याच नसत्या, आणि बहुतेक चित्रांत तो दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा माणूस आहे.

उदाहरण जवळचे घेऊ. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेला भीमाशंकर-नाणेघाटाचा डोंगरपट्टा आहे; पूर्वेकडे कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत जमीन उघडी, कोरडी होत जाते. धरणांचे पाणी आणि ऊस येण्यापूर्वी हा पूर्वभाग मुख्यतः माळाचा आणि बाजरीच्या धसकटांचा होता. म्हणजेच तो लाव्यांचा मुलूख होता. लावा हा मूठभर आकाराचा, मातीच्या रंगाचा पक्षी. तो पायाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा भर्रकन उडालेला असतो. दख्खनमधील अशा दोन लाव्यांचे शास्त्रीय वर्णन लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने 1832 मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. त्यांपैकी एक खडकाळ माळावरचा, तर दुसरा घाटाकडचा लाल चोचीचा. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करणाऱ्या याच सायक्सने जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांच्या नकला करून घेतल्या आणि 1837 मध्ये त्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणल्या. एकाच माणसाने, एकाच मुलुखात, दगडावरची अक्षरे आणि गवतातले पक्षी टिपले. यातला एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. शिलालेखात दान देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. पक्ष्याच्या शास्त्रीय नावापुढे नाव येते ते फक्त वर्णन करणाऱ्याचे. पक्षी कोणी दाखविला, कोणी धरून आणला, याला त्या नामपद्धतीत जागाच नाही.

लाव्याच्या शिकारीची जी रीत इंग्रजांबरोबर या देशात आली तिच्या केंद्रस्थानी कुत्रा आहे. ‘पॉइंटर’ जातीचा कुत्रा पक्ष्याचा गंध लागताच झडप घालीत नाही, तो थिजतो. मान पुढे, शेपटी ताठ, बहुधा एक पाय उचललेला. त्याचे सारे शरीर म्हणजे एक बाण होतो. कुत्र्याच्या स्वभावात असलेल्या पाठलागाच्या साखळीतील एक कडी पिढ्यान् पिढ्यांच्या पैदाशीने ताणून लांबविलेली आहे. आपल्याकडचा कारवान कुत्रा सशामागे नजरेने धावतो. थांबून दाखविणे हे त्याचे काम नव्हे. युरोपातील शिकारचित्रांना या थांबण्याचे विलक्षण आकर्षण वाटले यात नवल नाही. जॉर्ज स्टब्सने 1760 च्या दशकात रंगविलेला स्पॅनिश पॉइंटर आज म्युनिकच्या नोये पिनाकोथेक या संग्रहालयात आहे. त्या चित्रात माणूस नाही. आहे तो भूप्रदेश आणि त्यात ताणलेला कुत्रा. वासना आणि कृती यांच्यामधला क्षण तेथे स्थिर झाला आहे. कांटने ज्याला निरिच्छ आनंद म्हटले त्याचे याहून चांगले रूपक मला तरी ठाऊक नाही. गंमत एवढीच की, हे निरिच्छ प्राण्याचे चित्र बंदूक येणार आहे या गृहीतावर उभे आहे.

पारध्याची रीत वेगळी आहे. फासेपारध्यांकडे बारीक फाशांची माळ असते. मोठ्या सावजासाठी काही ठिकाणी शिकविलेल्या गाईचा आडोसा घेतला जाई. लाव्यासाठी मात्र त्याचे मुख्य साधन म्हणजे त्याचा स्वतःचा गळा. तो लाव्याची शीळ हुबेहूब काढतो आणि पक्षी चालत फाशाकडे येतो. ही विद्या जुनी आहे. पाली जातककथांतील संमोदमान जातकातला व्याध नेमके हेच करतो: लाव्यांचा आवाज काढून त्यांना एकत्र आणतो आणि मग जाळे टाकतो. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे श्रीशंकुक आठवल्यावाचून राहणार नाही. नट हा रामाची अनुकृती करतो आणि प्रेक्षक चित्रातल्या घोड्याला जसे घोडा म्हणावे तसे त्याला राम म्हणतो. ते ज्ञान खरेही नसते आणि खोटेही नसते. लाव्याला ही चैन परवडत नाही. अनुकृती आणि अनुकार्य यांत त्याने गल्लत केली की त्याचा जीव जातो. मात्र त्या अनुकृतीमागे जे ज्ञान आहे ते कोणत्याही नटाच्या ज्ञानापेक्षा कमी नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी, नराने मादीला की मादीने नराला घातलेली साद काढावी, हे कळल्यावाचून माळावरचा एकही पक्षी फसत नाही.

हे ज्ञान आपल्या वाङ्मयात कोठे गेले? ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे धावणारे, मान वळवून मागे पाहणारे हरिण अभिनवगुप्ताने भयानक रसाच्या प्रतीतीचे उदाहरण म्हणून घेतले आहे. त्याचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. त्या हरणाचे भय माझे नाही, शत्रूचे नाही, मित्राचे नाही. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळाल्यावर जे भय उरते त्याचा आस्वाद सहृदय घेतो. साधारणीकरणाचा हा सिद्धांत मला आजही भारतीय काव्यविचाराची मोठी मिळकत वाटते. परंतु बंधने गळताना कोणाचे काय गळाले, हा हिशेब त्याच्यात नाही. हरणाचे विशिष्टपण गेले, त्याची भरपाई रसाने झाली असे म्हणू या. हरणाच्या मागावर राजाला आणणाऱ्यांचे काय? दुसऱ्या अंकाच्या आरंभी ते क्षणभर येतात, तेही विदूषकाच्या तक्रारीत. पहाटे रान वेढणाऱ्या पक्षिपारध्यांच्या कोलाहलाने आपली झोप मोडली म्हणून तो त्यांना शिवी देतो. मृगयेची स्तुती करायला सेनापती आहे, मृगयेला कंटाळायला विदूषक आहे, ती थांबवायला तपस्वी आहेत. ती घडविणारे केवळ आवाज आणि शिवी एवढ्या रूपाने उरतात.

कालिदासाला मात्र हे कळत होते असे मानायला जागा आहे. सहाव्या अंकाच्या प्रवेशकातला कोळी आठवावा. राजाची अंगठी माशाच्या पोटात सापडली, तर रक्षक त्याला चोर ठरवून मारतात. त्याच्या धंद्याची टर उडविली जाते तेव्हा तो शांतपणे सांगतो की, जन्माने आलेले काम निंद्य असले तरी टाकता येत नाही. यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने कोमल असतोच. संपूर्ण नाटकात हिंसेविषयीचा सर्वांत नेमका विचार बेड्या पडलेल्या या माणसाच्या तोंडी आहे. आम्ही वर्गात हा प्रवेशक ‘विनोदी’ म्हणून वीस मिनिटांत उरकतो.

राजाच्या शिकारीचे काय होते हे पाहायचे तर जहांगीराकडे जावे लागते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने आपल्या शिकारीचा हिशेब मांडविला आणि आत्मचरित्रात नोंदविला: बाराव्या वर्षापासून त्याच्यासमोर 28,532 प्राणी-पक्षी मारले गेले, त्यांपैकी 17,167 त्याने स्वतः. याच बादशहाने मनसराज नावाच्या लाडक्या काळविटासाठी लाहोरजवळ शेखूपुऱ्याला हिरण मिनार उभारला आणि उस्ताद मन्सूरकडून पक्ष्यांची अशी चित्रे काढविली की आजही पक्षिशास्त्रज्ञ ती पुरावा म्हणून पाहतात. प्रेम, गणना, हत्या आणि चित्र ही एकाच हाताची बोटे होती. यात दांभिकपणा शोधणे सोपे आहे. मला तो तेथे दिसत नाही. मला दिसते ती मालकी. जे माझे आहे ते मी मारीन, मोजीन, रंगवीन आणि त्याचे थडगेही बांधीन.

आणि जे आपले होत नाही त्याचे काय? 1616 च्या सुमारास अबुल हसन याने काढलेले एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर भाल्याच्या टोकावर रोवलेल्या एका मस्तकावर बाण सोडतो आहे. ते मस्तक मलिक अंबरचे. चित्रात घुबड आहे, बंदूक आहे; मांडणी थेट शिकारचित्राची आहे. प्रत्यक्षात 1607 मध्ये निजामशाहीची राजधानी जुन्नरला आणणारा हा हबशी वजीर जहांगीराच्या हाती कधी लागला नाही. 1626 मध्ये वयाच्या ऐंशीच्या आसपास तो नैसर्गिक मृत्यूने गेला. जुन्नरच्या इतिहासाशी जोडलेले माझ्या माहितीतले सर्वांत प्रसिद्ध शिकारचित्र हे असे न झालेल्या शिकारीचे आहे. अंबरची दख्खनी फौज वाटा, खिंडी आणि पाणवठे जाणणाऱ्यांच्या बळावर लढत होती. ज्याला वाटाड्ये वश झाले नाहीत त्याने चित्रकार बोलाविला.

वाल्मीकीच्या कथेकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येते. क्रौंच पडतो, शोकाचा श्लोक होतो आणि आपल्या काव्याचा जन्म होतो. निषादाच्या वाट्याला शाप येतो. राजाने हजारोंनी मारले तर चित्र, निषादाने एक मारला तर शाप, हे समीकरण केवळ पुराणातले नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्हा ठरविला आणि पुढे फासेपारधी त्याच्या कक्षेत आले. साहेबाच्या लाव्याच्या शिकारीला परवाना आणि सचित्र ग्रंथ, पारध्याच्या शिकारीला पोलीस-हजेरी. हा कायदा 1952 मध्ये गेला, नाव ‘विमुक्त’ झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि परवान्यावरची शिकार बंद करणाऱ्या 1991 च्या दुरुस्तीने शिकार सर्वांनाच निषिद्ध झाली. कायदा योग्य आहे. माळावरचे पक्षी पाहता तो उशिरा आला असेच मी म्हणेन. पण एकाचा त्याने छंद नेला आणि दुसऱ्याची भाकरी, शिवाय भाकरीबरोबर एक विद्याही. छंद गेलेल्याला दुर्बीण आणि कॅमेरा घेता आला. व्यंकटेश माडगूळकर हे याचे मराठीतले सर्वांत सभ्य उदाहरण. शिकारीचा नाद असलेला हा लेखक ‘नागझिरा’मध्ये नुसता पाहत राहतो, ‘जनावनातली रेखाटणे’मध्ये रेखाटतो. त्यांच्या गद्यात वाटाड्याला नाव असते, बोली असते, विडी असते. आपल्या शिकारवाङ्मयात हे अपवादानेच घडते, आणि माडगूळकरांच्या थोरवीतला हा भाग आपल्या समीक्षेने पुरेसा पाहिलेला नाही.

येथपर्यंतचा युक्तिवाद मी बरीच वर्षे व्याख्यानांतून मांडीत आलो: चित्राने वाटाड्याला पुसले, समीक्षेने त्याला परत चित्रात आणावे. हे इतके सरळ नाही असे मला एका सहलीने दाखविले. पदव्युत्तर वर्गाला घेऊन नाणेघाटाचा लेख पाहून आम्ही परतत होतो. जुन्नरच्या पूर्वेला एका पडीक माळाशी गाडी थांबली. दुसऱ्या वर्षातला एक मुलगा, एरवी वर्गात न बोलणारा, बांधापलीकडे जाऊन उकिडवा बसला आणि त्याने शीळ घातली. काही वेळाने गवतातून उत्तर आले. मग दुसरे. एक लावा चालत बांधावर आला, थबकला, आम्हाला पाहून उडाला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. कोणीतरी म्हणाले, “परत कर ना!” तो उठून गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी मी त्याला म्हणालो, “तुझ्या नावाने हे अहवालात घालू या. ही मोठी विद्या आहे.”

तो म्हणाला, “सर, नाव नका घालू. आमच्याकडं हे येतं म्हटलं की लोक आधी आमचं घर तपासतात.”

मी त्याचे ऐकले. विभागाच्या कपाटात तो अहवाल आहे. त्यात लाव्याचे शास्त्रीय नाव आहे, त्यापुढे सायक्स आणि 1832 हे साल आहे, एका विद्यार्थिनीने स्मरणाने काढलेले पक्ष्याचे बरे रेखाचित्रही आहे. बांधावर शीळ कोणी घातली त्या जागी मी ‘एका स्थानिक माहितगाराने’ असे लिहिले आहे.