राणीला गादी, आणि आपल्याला?



रात्रपाळी सुटल्यावर मोबाइलवर 'हाउस ऑफ द ड्रॅगन' पाहिली. 2022 साली आलेली इंग्रजी मालिका, जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकावरची. वेस्टेरॉस नावाचा कल्पनेतला मुलूख. तिथं राजाची थोरली नात रेनिस हयात असताना सरदारांनी गादी व्हिसेरिसला दिली. का, तर तो बाप्या. पुढं त्याच व्हिसेरिसनं आपली लेक रेनिरा हिला वारस नेमलं, सरदारांकडून शपथा घेतल्या. तो मेला आणि शपथाही मेल्या. सावत्र भावाला राजा केलं. यादवी पेटली.

रेनिरावर अन्याय झाला, हे खरं. पण तिला गादी मिळाली असती तर न्याय झाला असता का?

रेनिराच्या पोरांचे केस बापासारखे नाहीत म्हणून दरबार कुजबुजतो. गादी रक्तावर चालली की बाईच्या कुशीवर पहारा बसतोच. हे आपल्याला नवं नाही. 1916 सालच्या निबंधात बाबासाहेबांनी हेच उकललं: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि त्यापायी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह.

वारसा वरच्याला गादी देतो, खालच्याला मेलेली ढोरं. महारकीही पिढीजातच होती. त्या वतनाचा कायदा बदलायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं.

म्हणून अभ्यासवर्गात मी ठणकावलं, "राजा नको, राणीही नको."

एक ताई ताडकन म्हणाली, "गादी बाईकडं यायची वेळ आली की तुला गादीच नको होती व्हय? बाप्या बसला होता तवा कुठं होतास?"

मी गप्प. तिचं बरोबर होतं. 'आधी मिळकतच मोडू, मग लेकीचं बघू' असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. हिंदू कोड बिलात त्यांनी लेकीचा वाटा मागितला. बिल रखडलं, हे 1951 च्या त्यांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानं पोराइतका हक्क यायला 2005 उजाडलं.

पण शेत वाटून घेता येतं. माणसं वारशात घेता येत नाहीत. म्हणून मला आता एवढं कळतं: गादी आहे तोवर बाई म्हणून नाकारणं हा अन्यायच. आणि गादी मोडायची तर ती बाप्या बसलेला असतानाच मोडायला लागायचं, बाईची पाळी येईतो थांबायचं नाही.

मार्टिनच्या पुस्तकात राजधानीतली गोरगरीब जनता एका प्रवचनकाराच्या मागं जाऊन ड्रॅगन मारते. ड्रॅगन मेले, गादी राहिली. नुसत्या संतापानं एवढंच होतं.

आता आपल्याकडं बघू. सभेत माइक कुणाच्या हातात, चहाची किटली कुणाच्या? पुढाऱ्याच्या पोराला स्टेजवर खुर्ची कशाच्या जोरावर? वेस्टेरॉस लांब नाही, दोस्तांनो. पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. अध्यक्ष ती ताई असेल.

जय भीम.