माशाशी खेळावे काय?

मनुष्याच्या कामधंद्यातील नीती तपासण्यास आपण जितके तत्पर असतो, तितके त्याच्या करमणुकीतील नीती तपासण्यास नसतो. व्यापारात कोणी लबाडी केली, मजुराची मजुरी बुडविली, तर ते पाप आहे हे सांगावे लागत नाही. सुट्टीचा विषय निघाला की मात्र 'चार दिवस मजा करायला चाललो आहोत, त्यात कसला आला विचार?' असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः कामात माणूस बराचसा परस्वाधीन असतो. वरिष्ठांचा हुकूम, पोटाची निकड, स्पर्धेचा ताण अशी कारणे त्याला पुढे करता येतात. करमणूक तो स्वतः निवडतो, तिच्यासाठी पदरचा पैसा खर्चतो. तेव्हा तिचा जाबही त्याला स्वतःलाच द्यावा लागतो.

या विचाराला निमित्त झाले ते एका पत्राचे. अमेरिकेत नोकरी करणारा आमच्या परिचयाचा एक तरुण मित्रांसमवेत डोंगरातील एका लहानशा गावी मुक्काम करून मासेमारीची सहल करण्याचा बेत आखीत आहे. त्याचे आजोबा जन्मभर वसईच्या समुद्रात होडी घेऊन गेले. धरलेला मासा नातू पुन्हा पाण्यात सोडून देणार, हे ऐकून ते म्हणाले, "बाळा, मासा खायचा असतो, त्याच्याशी खेळायचं नसतं." नातवाने आम्हांला विचारले आहे, की आजोबांचे म्हणणे जुन्या पिढीचे म्हणून सोडून द्यावे, की त्यात काही तथ्य आहे?

प्रथम त्याचा बेत समजून घेऊ. या मासेमारीला फ्लाय फिशिंग म्हणतात. लहानशा गळावर पिसे, केस व दोरा गुंडाळून माशीसारखा किंवा पाण्यातील किड्यासारखा आकार तयार करतात. ही कृत्रिम माशी इतकी हलकी असते की ती नुसती फेकता येत नाही; लवचिक काठीने जाड दोरी हवेत झुलवीत ती पाण्यावर अलगद उतरवावी लागते. ट्राऊट जातीचा मासा तिला खरा किडा समजून तोंड मारतो आणि गळाला लागतो.

गावाचे नाव वेस्ट यलोस्टोन. माँटाना राज्यातील हे गाव २,००० मीटरहून अधिक उंचीवर, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दरवाजाशी आहे. १९०८ साली तेथवर रेल्वे पोहोचली आणि गाव वसले. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकवस्ती अवघी १,२७२. उलट १८७२ साली स्थापन झालेल्या त्या उद्यानाला २०२१ या एकाच वर्षी ४८ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. उद्यानात फायरहोल आणि गिबन या नद्यांच्या संगमातून मॅडिसन नदी जन्म घेते व गावाजवळून वाहते. फायरहोलला उष्ण झरे येऊन मिळत असल्याने भर उन्हाळ्यात तिचे पाणी माशांना सोसवत नाही. तेथे जावे ते जूनमध्ये, नाही तर सप्टेंबरनंतर. जूनअखेरीस मॅडिसनच्या खालच्या भागात सॅमनफ्लाय नावाचे मोठे किडे पाण्यातून बाहेर पडतात आणि मासे त्यांच्यावर तुटून पडतात. शरद ऋतूत हेब्गेन सरोवरातील ब्राऊन ट्राऊट मासे अंडी घालण्यासाठी नदीत चढतात. उद्यानात माँटाना राज्याचा परवाना चालत नाही, तेथे वेगळा घ्यावा लागतो. तेव्हा कोणता आठवडा, कोणती नदी, कोणता परवाना, हे आधीच ठरवावे लागते. वरवर पाहता हे सारे सोयीचे प्रश्न आहेत. त्यांच्या पोटात नीतीचे प्रश्न दडलेले आहेत, ते कसे ते पाहू.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाविषयी गंभीरपणे लिहिले आहे. अॅरिस्टॉटलचा धागा धरून ते म्हणतात, की शरीराप्रमाणे मनालाही विश्रांती हवी असते आणि ती खेळातून व विनोदातून मिळते. म्हणून योग्य रीतीने खेळणे हा सद्गुणच होय. मात्र त्यास त्यांनी तीन अटी घातल्या. अशोभनीय वा अपायकारक गोष्टींत सुख शोधू नये. मनाचा तोल सर्वस्वी जाऊ देऊ नये. आणि खेळ हा व्यक्ती, स्थळ व काळ यांना साजेसा असावा. तरुणाच्या बेताला पहिली अट लावली की लगेच प्रश्न उभा राहतो. येथे अपाय होतो काय? होत असेल तर कोणाला?

मासा थंड रक्ताचा, त्याला काय कळते, असे पूर्वी सर्रास म्हटले जाई. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राऊटच्या डोक्यात, तोंडाजवळ, इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. ओठांत सौम्य आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ अन्नाकडे वळले नाहीत. याउलट जेम्स रोझ यांनी २००२ साली असे मांडले होते, की माशाच्या मेंदूत मानवी मेंदूसारखे बाह्य आवरण नाही, म्हणून आपण ज्याला वेदना म्हणतो ती त्याला होत नाही. वाद संपलेला नाही. परंतु नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला एक जुने उदाहरण शिकविले जाई. झुडूप हलते आहे. मागे हरीण आहे की माणूस, हे शिकाऱ्याला ठाऊक नाही. अशा वेळी त्याने बंदूक चालवू नये. मासा म्हणजे माणूस नव्हे, म्हणून हे उदाहरण जसेच्या तसे लागू पडत नाही. तरी त्यातून एवढे निश्चित निघते, की शंका असताना स्वतःच्या सोयीचे उत्तर गृहीत धरू नये. माशाला दुखते असे मानूनच पुढचा विचार करावा. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक मानले आहे. प्रश्न उरतो तो 'विनाकारण' म्हणजे काय, याचा.

आजोबांचे उत्तर सरळ आहे. खाणे हे कारण. खेळ हे कारण नव्हे. हे उत्तर केवळ वसईचे आहे असे समजू नये. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी, पुन्हा सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाला लावण्यास मनाई केली आहे. म्हणजे कोळ्याचे शहाणपण आणि युरोपातील कायदा येथे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

पण वेस्ट यलोस्टोनला गेल्यावर हे सरळ उत्तर अडखळते. मॅडिसन आणि फायरहोल नद्यांत उद्यानाच्या हद्दीत फक्त कृत्रिम माशीने मासे धरता येतात व धरलेला ट्राऊट जिवंत सोडावा लागतो. इतके लोक येतात की प्रत्येकाने चार मासे खाल्ले तर नदी रिकामी होईल. त्याच उद्यानातील यलोस्टोन सरोवरात मात्र नियम उलटा आहे. १९९४ साली तेथे लेक ट्राऊट हा परका मासा आढळला. तेथील मूळचा कटथ्रोट ट्राऊट अंडी घालण्यास उथळ ओढ्यांत चढतो, म्हणून तो अस्वलांचे व पाणमांजरांचे अन्न होता. लेक ट्राऊट खोल पाण्यातच राहतो आणि कटथ्रोटला खातो. त्यामुळे कटथ्रोटची संख्या झपाट्याने घटली व त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचाही घास गेला. आजवर ४० लाखांहून अधिक लेक ट्राऊट जाळ्यांनी काढले गेले आहेत, आणि गळाला लागलेला प्रत्येक लेक ट्राऊट मारलाच पाहिजे असा तेथे दंडक आहे. सारांश, सोडून देणे ही दरवेळी दया नसते आणि मारणे हे दरवेळी क्रौर्य नसते. कृतीचे बाह्य रूप पाहून निवाडा करता येत नाही. तिचे कारण आणि परिणाम पाहावे लागतात.

तर मग सोडून देणाऱ्याचे कारण कोणते? काही जण म्हणतात, की मासेमारांच्या परवान्याच्या पैशातून नद्यांची निगा राखली जाते. हे खरे आहे. तथापि शुल्क भरल्याने यातना देण्याचा अधिकार विकत मिळतो, असे आम्ही मानीत नाही. दुसरे कारण अधिक वजनदार आहे. नदीत कंबरभर पाण्यात उभे राहून, कोणता किडा केव्हा बाहेर पडतो, मासा कोणत्या दगडामागे थांबतो, हे जो तासन्‌तास निरखतो, त्याला सृष्टीची जी ओळख होते ती काठावरून जाणाऱ्यास होत नाही. एखाद्या जिवाला अल्पकाळ, शक्य तितक्या हलक्या हाताने दिलेला त्रास या कारणासाठी क्षम्य ठरू शकतो, असे आम्हांस वाटते. परंतु हे कारण प्रत्येक माशागणिक पातळ होत जाते. पहिला मासा काही शिकवितो, पाचवा थोडेफार. त्याच दुपारी तिसावा मासा धरण्यास आकड्याच्या हव्यासाखेरीज कोणते कारण उरते?

आजोबांच्या म्हणण्यातले तथ्य आम्हांला नेमके येथे सापडते. खाण्यासाठी मासा धरणाऱ्याला मर्यादा आपोआप मिळते. होडीची कुवत, घरची गरज, बाजाराचा भाव, पावसाळ्यातील बंद समुद्र, हे सारे त्याचा हात थांबवितात. (यांत्रिक नौकांनी ती मर्यादा आपल्या किनाऱ्यावरही पार केली, हे दुःख कोळीवाड्यांना सांगायला नको.) सोडून देणाऱ्याला मात्र थांबविणारे काहीच नसते. टोपली भरत नाही, पोट भरत नाही. सोडून दिले की मन पुन्हा निष्पाप होते आणि हात पुन्हा काठीकडे जातो. ज्याला सृष्टीने मर्यादा घातलेली नाही, त्याने ती स्वतः घालून घेतली पाहिजे. आणि तीही आधी. गळाला मासा लागून दोरी ताणली गेली असता कोणी नीतिशास्त्र आठवीत नाही. अक्वायनस यांची दुसरी अट, मनाचा तोल राखण्याची, ती नदीवर पाळता यावी म्हणून तिची तयारी घरी, बेत आखतानाच करावयाची असते.

म्हणून आमचे त्या तरुणाला सांगणे असे. तू अवश्य जा. पण तिकिटे काढण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर लिहून ठेव. गळाच्या टोकाला उलटा काटा असलेला गळ घेऊ नकोस. उद्यानात त्याला बंदीच आहे, बाहेरही तो वापरू नकोस. माशाला ओल्या हाताने धर, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. आणि छायाचित्रासाठी त्याला पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नकोस. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो व दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. माँटानात पाण्याचे तापमान लागोपाठ तीन दिवस सुमारे २३ अंश सेल्सियसला पोहोचले तर दुपारी दोननंतर मासेमारी थांबविण्याचा आदेश निघू शकतो. तू आदेशाची वाट पाहू नकोस. थर्मामीटर जवळ ठेव आणि २० अंशांवर काठी गुंडाळ. शरद ऋतूत अंडी घातलेल्या खडीवर पाय देऊ नकोस. उद्यानात नमद्याच्या तळव्याच्या बुटांना २०१८ पासून मनाई आहे, कारण त्यात अडकून परके जीव एका नदीतून दुसरीत जातात. तुझे बूट कोणतेही असोत, प्रत्येक नदीनंतर ते धुऊन वाळव. दिवसाला किती मासे, हा आकडा आताच ठरव आणि मित्रांना सांगून ठेव, म्हणजे मोडताना लाज वाटेल. आणि प्रवास करून, पैसे खर्चून, एकही मासा न धरता परतण्याची तयारी ठेव. ती तयारी नसेल, तर तू नदीकडून वसुली करायला चालला आहेस असे समज.

यातील मूळ विचार नवा नाही. गळाने मासे धरण्याविषयीचे इंग्रजीतील सर्वांत जुने छापील पुस्तक १४९६ सालचे. परंपरेने ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठवासी भगिनीचे मानले जाते, जरी इतिहासकारांना त्याविषयी शंका आहे. त्यात कृत्रिम माश्या कशा बांधाव्यात हे सांगून झाल्यावर शेवटी उपदेश येतो: गरिबाच्या पाण्यात त्याच्या संमतीविना गळ टाकू नये, कुंपण मोडू नये, उघडलेले फाटक लावून घ्यावे, आणि एका वेळी फार मासे धरण्याचा हावरेपणा करू नये. पाचशे वर्षांत काठ्या बदलल्या, गळ बदलले. हावरेपणावरचा उपाय तोच राहिला.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोडे जण मॅडिसन नदीवर जातील. परंतु ज्या सुखांना आपोआप मर्यादा पडत नाही, अशी सुखे आता आपल्या घराघरांत आली आहेत. हातातील फोन कधी 'पुरे' म्हणत नाही, लग्नसमारंभाचा थाट शेजाऱ्यापेक्षा कमी होऊ देत नाही, सहलीची जागा मागे काय कचरा राहिला हे विचारीत नाही. अशा प्रत्येक ठिकाणी 'मला हे करण्याची मोकळीक आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'होय' असेच येते. त्यापुढचा प्रश्न 'मी कोठे थांबणार?' हा आहे. त्याचे उत्तर सुख हाती येण्यापूर्वी, मन शांत असताना, कुटुंबात बसून ठरवावे. नंतर ठरविणारा मनुष्य शोधून सापडत नाही.