दिसले ते सांगावे का?



रविवारच्या मिस्साला मागच्या बाकांवर लहान मुलांच्या आया बसतात. प्रवचन चालू असताना आपले अर्धे लक्ष त्या मुलांकडे असते, हे कबूल करायला हरकत नाही. काही वर्षांपूर्वी त्याच बाकांवर दीड वर्षाचा एक मुलगा यायचा. शांत, गुणी. मिस्साची घंटा वाजली तरी त्याची मान वळत नसे. आई हाक मारी आणि तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत राही. आम्ही ते पाहिले, एकदा नव्हे, कित्येक रविवार. आईने काळजीने विषय काढला तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, "मुलगे उशिरा बोलतात गं, याचा बापही तसाच होता." आम्ही माना डोलावल्या. मुलाला नीट ऐकूच येत नव्हते. ते कळले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता.

पुढे त्या आईने विचारले, "तुम्हाला काही दिसलं नव्हतं का?" आम्ही "नाही" म्हणालो. ते खरे नव्हते.

दुसऱ्याच्या मुलात काही वेगळे जाणवले तर बोलावे की गप्प बसावे? आमच्या त्या गप्प बसण्याला आम्ही दया म्हणत होतो. खरे तर ती भीती होती, आईचा चेहरा उतरेल याची आणि तिने रागावून तोंड फिरवले तर काय, याची.

गप्प बसण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. मूल हे देवाचे देणे. ते फूटपट्टीने का मोजायचे? आणि ती फूटपट्टी तरी कोणाची? अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी १९११ साली बालकांच्या निरीक्षणाचे काम सुरू केले. पुढे एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या पडद्यामागून मुलांना न्याहाळून, त्यांची फिल्म काढून त्यांनी कोणत्या महिन्यात मूल काय करते याची कोष्टके बांधली. काम मोठेच, पण ती मुले बहुतेक त्या एकाच शहराकडची, बऱ्या घरांतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतील मुले होती. निरोगी मुले एकट्याने चालू लागण्याचा काळ त्यात सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. शंभरातली चारेक मुले तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणजे शेजारणीचा नातू दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपल्याकडच्या आजीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

पण काळ कितीही लांब पसरला तरी त्याला शेवट असतो. केरळात तिरुवनंतपुरम येथे तयार झालेला एक साधा तक्ता आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात फक्त १७ गोष्टी आहेत आणि प्रत्येकीपुढे वयाची आडवी पट्टी. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण राहिलेली एखादी गोष्ट मूल करीत नसेल तर त्याला पुढच्या तपासणीला पाठवायचे. अंगणवाडीताईंनाही ते थोड्या मिनिटांत जमते. पेन्सिल आजाराचे नाव सांगत नाही, एवढेच म्हणते की इथे कोणी जाणकाराने पाहावे. आमची चूक नेमकी इथे होते. पाहणे आणि नाव ठेवणे या दोन गोष्टी आम्ही एकच समजतो, म्हणून एकतर गप्प बसतो, नाहीतर कुजबुजत "मतिमंद आहे वाटतं" म्हणून मोकळे होतो. हाकेला न वळणारे मूल कानाने अधू असेल, स्वमग्न असेल किंवा नुसते खेळात रमलेले असेल. ते ठरवणे आमचे काम नाही.

पाहायचे काय? बोट दाखवणे घ्या. मूल बिस्किटाकडे बोट करते तेव्हा त्याला बिस्किट हवे असते. पण दीड वर्षाच्या सुमारास ते चांदोबाकडे बोट करते आणि वळून आपल्या तोंडाकडे पाहते. त्याला चांदोबा नको असतो, तो आपणही पाहावा असे वाटत असते. शब्द येण्याआधीचे ते बोलणेच. स्वमग्नतेची शंका घेताना डॉक्टर आईवडिलांना हे आवर्जून विचारतात. आणि एकदा आलेले शब्द मूल विसरू लागले तर "थोडं थांबून पाहू" असे कोणीही म्हणू नये. कानांच्या बाबतीत तर दंडकच आहे: जन्मल्यापासून महिनाभरात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाययोजना. आम्ही त्या मुलाची दोन वर्षे नुसत्या माना डोलावण्यात घालवली.

मग सांगावे कसे? फाटकापाशी चारचौघींत नव्हे, सणाच्या जेवणावर तर नव्हेच. सासूबाईंना आधी आणि आईला मागाहून, असेही नको; दोष सुनेवरच येतो. "तुझ्या मुलात काहीतरी आहे" म्हणण्यापेक्षा "मी दोनदा हाक मारली, त्याने पाहिलं नाही, घरी पाहतो का गं?" असे विचारावे. आई "हो, घरी पाहतो" म्हणाली तर विषय तिथेच सोडावा. पुष्कळदा ती रडू लागते, कारण तिला आमच्याआधी जाणवलेले असते.

सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. कानांसाठी बांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पण वसईहून सकाळच्या गर्दीच्या लोकलने कडेवर मूल घेऊन एकटीने जाणे सोपे नाही. ज्याने सांगितले त्याने पिशवी धरायला सोबत जावे.

तो मुलगा आता कानाला यंत्र लावून मिस्साला येतो. मागच्या बाकांवर नाही, सर्वांत पुढे बसतो. फादरांचे ओठ दिसावे लागतात.